शेवटच्या पाकळीपासून

रावेरकडच्या पाहुण्यांपुढे त्या सकाळी मी जो कुळाचार सांगितला, तो कुणाच्याच घरात नव्हता. उभ्या उभ्या मी तो रचला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. संपादकांनी माझ्याकडे ड्रॉइंग मास्तरकीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. लिहायला बसलो, एक-दोन लिहिल्याही, पण प्रत्येक गंमत फिरून धुळ्याच्या त्या ओट्यावर येऊन अडायला लागली. तेव्हा आता तेच लिहितो. गमती मधे आल्या तर येतील.

मी पूर्वी धुळ्याच्या एका शाळेत होतो, आता जळगावात आहे. ड्रॉइंग मास्तरला शाळेत काय किंमत असते हे शाळा पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. गणिताचे मास्तर आजारी पडले तर त्यांचा तास मला, आणि मी आजारी पडलो तर पोरांना सुट्टी. काम तसं सोपं. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारायची, डाव्या बाजूला अर्धं पान काढायचं, उजव्या बाजूचं अर्धं मुलांनी जुळवायचं. ज्याचं जुळलं त्याला परीक्षेला बसवायचं, ज्याचं जुळलं नाही त्याला कान धरून उभं करायचं. मीही पुष्कळ कान धरले. पान न जुळणाऱ्या मुलाच्या हाताचं नेमकं कुठे अडतं, हे मला कितीतरी वर्षं पाहावंसं वाटलं नाही.

ते पाहायला मला एका रंगाऱ्याच्या भावानं लावलं. त्याचं नाव गफूर. वय तीस-पस्तीस, अंगानं पहिलवान आणि समज चार-पाच वर्षांच्या पोराची. त्याचा थोरला भाऊ कापडाला लाकडी ठशांनी किनार छापायचा. आमच्या शाळेच्या मागेच त्यांची कापडं वाळत. गफूरला कामात यायची फार हौस. तो ठसा उचलायचा आणि मनाला येईल तिथे मारायचा. भाऊ वैतागून म्हणाला की मास्तर, याला एक सरळ रेघ मारायला शिकवा, म्हणजे ठसा कुठे मारायचा ते तरी कळेल. मी गफूरला लाकडाची जाड पट्टी दिली आणि तिला घासून खडू ओढायला लावला. जाड पट्टी असली की रेघ सरळ यायची, काढली की पळायची. मग मी पट्टी पातळ केली. पुढे पट्टीच्या जागी ताणलेला दोरा आणला. दोऱ्याच्या जागी नुसती घडीची मोड. अशी आधाराची चीज हळूहळू बारीक करत गेलो, आणि एके दिवशी कापडावर काहीच नसताना गफूरची रेघ सरळ आली. काही महिन्यांनी त्याचा भाऊ मला वाटेत अडवून म्हणाला, "मास्तर, काय करून ठेवलंत? आता तो माझ्याच चुका काढतो."

झालं, गावात माझं नाव खुळ्यांचा मास्तर असं पडलं. शिक्षकांच्या खोलीत मी गेलो की कुणी ना कुणी विचारायचं, आज कोण नवीन शहाणा. मी हसायचो. खरं सांगायचं तर मला ते नाव आवडायला लागलं होतं. अशा माणसांना आमच्याकडे खुळं म्हणतात, भोळं म्हणतात, देवाचं माणूस म्हणतात. डॉक्टरला विचारलं तर तो इंग्रजीत काहीतरी म्हणतो आणि पुढच्या रोग्याला बोलावतो. या सगळ्यांना जे जमलं नाही ते मला जमतं, अशी एक गुर्मी आत कुठेतरी होती.

गफूरची गोष्ट ऐकूनच अक्का माझ्याकडे आल्या. त्यांच्या मालकांची, नानांची, धुळ्यात सरकी-पेंडीची वखार होती. घर खाऊनपिऊन सुखी. मोठी मुलगी वत्सला, घरात वच्छी. वय सतरा-अठरा झालेलं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं लग्नाचं वय टळत आलेलं. चेहरा गोल, डोळे बारीक, बोटं आखूड आणि मऊ, बोलणं दोन-तीन शब्दांचं. सांगितलेलं काम करायची, पण आपण होऊन काही करायची नाही. अक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या, आत या म्हटल्यावरही आल्या नाहीत.

"मास्तर, मी मरी गऊ म्हणजे हिले कोन दखी?" आपण गेल्यावर हिला कोण पाहील, असं त्यांनी अहिराणीत विचारलं. "तिले एक रांगोळी शिकाडा. एकच. बाकीनं मी दखसू."

एकच रांगोळी कशासाठी, हे मी विचारलं नाही. मला कळलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. उंबऱ्यापुढे रोज सकाळी नीट रांगोळी काढणारी मुलगी म्हणजे हात वळणाचा, घर वळणाचं. मुलगी पाहायला येणारे आधी दार पाहतात. पण त्या वेळी मी म्हणालो की मास्तरचं काम शिकवायचं, पुढचं घरच्यांनी पाहावं. अजूनही कधी कधी असंच म्हणावंसं वाटतं.

वच्छीच्या बाबतीत माझी कुठलीच विद्या चालेना. तिचा हात हातात धरून गिरवायला गेलो की ती हात सोडून द्यायची, ओल्या फडक्यासारखा. गफूरची पट्टी उपयोगाची नव्हती, कारण कमळात सरळ रेघ नसते. रांगोळीची चिमूट तर तिला धरताच येईना, सगळी भुकटी एका जागी सांडायची. चिमटीसाठी मी तिला आधी सुपातले डाळीचे दाणे एकेक उचलायला लावले, मग परातीत वाळू. चिमूट बसली. आकार काही बसेना. ती एक वाकडी रेघ काढायची, माझ्याकडे पाहायची आणि पदर तोंडात धरून बसायची. सुरुवात केली की तिला पुढचं सगळं उरलेलं दिसायचं आणि ती घाबरायची, असं मला आज वाटतं. तेव्हा मी नुसताच चिडायचो.

एकदा मी ओट्यावर पूर्ण कमळ काढत होतो. एक पाकळी राहिली असताना नानांनी चहाला आत बोलावलं. बाहेर आलो तर ती पाकळी भरलेली. वाकडी, पण पाकळीच. वच्छी टाळ्या वाजवत होती.

"व्हयनं," ती म्हणाली. म्हणजे झालं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपण उलट्या टोकानं जायचं. सगळे मास्तर पहिल्या रेघेपासून शिकवतात. हिला शेवटच्या पाकळीपासून शिकवायचं. रोज मी शेवटची एक सोडून सगळं काढायचो, शेवटची ती काढायची. ती पक्की झाल्यावर शेवटच्या दोन. मग तीन. प्रत्येक वेळी कमळ तिच्याच हातानं पुरं व्हायचं आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, व्हयनं. पाकळ्या सारख्या अंतरावर याव्यात म्हणून आधी गाठी मारलेली दोरी दिली, मग दोरी काढून तिला तिच्याच विती मोजायला लावलं. वर्षाहून जास्त दिवस लागले. अखेर नुसता मधला ठिपका मी द्यायचो, आणि पुढे तोही द्यावा लागला नाही.

यासाठी मी घरात काही नियम घातले होते. सकाळी सडा टाकला की लगेच रांगोळी, एक दिवस चुकवायची नाही, घरात काही का होईना. ती काढत असताना कुणी बोलायचं नाही, कुणी मधे उठवायचं नाही. आणि पुसली गेली तर तुटलेली जागा सांधायची नाही, सगळी पुसून पुन्हा मधल्या ठिपक्यापासून. मधूनच सुरू केलं तर तिची गल्लत व्हायची म्हणून हा नियम. नाना एकदा हसून म्हणाले होते की मास्तर, या घरात तुमच्याइतका मान देवालाही नाही.

रावेरकडचं स्थळ आलं ते बिजवराचं. नवरा मुलगा रघुनाथ, केळीचे बाग असलेला, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. घरात वडील आणि वडिलांची विधवा बहीण. ही आत्याच घर चालवायची. पाहुणे धुळ्यातच नातेवाइकांकडे उतरले होते आणि अक्कांनी मुद्दाम सकाळची वेळ ठरवली होती. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हा वच्छी दारात सडा टाकत होती. मला नानांनी ओट्यावर बसवलं होतं, घरच्या ओळखीचे मास्तर म्हणून.

कमळ सुंदर उतरलं. आत्या मधे न बोलता उभी राहून पाहत होती. बाई जाणती होती, तिचा स्वतःचा हात चांगला असणार. पुरं झाल्यावर ती खाली वाकली आणि म्हणाली, "हात चांगला हाये व तुहा, पोरी. आता एक मोर काढ बरं."

वच्छीनं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडच्यांकडे नाही, आईकडे नाही, माझ्याकडे. तिचा एक हात पदराकडे जायला लागला. पदर तोंडात गेला की सगळं संपलं, हे मला माहीत होतं. अक्का दाराच्या आड होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला. आणि मी ओट्यावरून म्हणालो, "या घरात उंबऱ्यापुढे दुसरं काही काढत नाहीत. कमळच. कुळाचार आहे."

कुळाचार म्हटल्यावर आत्यानं लगेच दोन्ही हात जोडले. तिला ते फार पसंत पडलं. आजकालच्या पोरी चार दिवस मोर काढतात, चार दिवस पोपट, कुळाचार कोण पाळतं, असं ती नानांना म्हणाली. नानांनी मान हलवली. आत गेल्यावर वच्छीची अडखळती उत्तरं लाजण्यात खपून गेली. लग्न ठरलं.

त्या दिवशी मी काय केलं? एका मुलीला घर मिळवून दिलं, की एका घराला फसवलं? घरी जाताना मी खुशीत होतो, एवढं आठवतं. पानाच्या दुकानावर थांबून पान खाल्लं.

वर्षभरानं परीक्षेच्या कामाला भुसावळला गेलो होतो, तिथून मुद्दाम रावेरला उतरून त्यांच्या गावी गेलो. दारात कमळ. आत्यानं मला पाटावर बसवून केळ्यांचा फणाच पुढे ठेवला आणि आमच्या दाराले तुमचा कुळाचार लागला, असं शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. रघुनाथ मला बाग दाखवायला घेऊन गेला. बोलायला मोकळा माणूस. म्हणाला, बायको गरीब आहे, सांगितलं तेवढं करते. पाणी भरायला सांगितलं तर रांजण वाहायला लागला तरी भरत राहते, जाऊन हात धरावा लागतो. हे सांगताना तो हसत होता, रागावलेला नव्हता. त्याला बरंचसं कळलेलं होतं, असं मला आता वाटतं. त्याच वेळी बांधावर बसून मी त्याला सगळं सांगू शकलो असतो. तिला काय येतं, काय येत नाही, तिला नवीन काही शिकवायचं तर कुठून सुरुवात करायची. पण तो सुखी दिसत होता आणि मला गाडी गाठायची होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी रघुनाथचे वडील वारले. झालं ते मला नंतर रघुनाथच्याच तोंडून कळलं. पहाटे प्राण गेला. सकाळी दारात बांबू येऊन पडले, माणसं तिरडी बांधायला बसली. वच्छी नेहमीच्या वेळी तांब्या घेऊन बाहेर आली, बांबू बाजूला सारून तिनं सडा टाकला आणि रांगोळी काढायला बसली.

सुतक असलेल्या घरात चूल पेटत नाही, तिथे रांगोळी कसली. माणसं आधी बघतच राहिली. आत्यानं ओरडून सांगितलं, वच्छी उठली नाही. आत्यानं पायानं रांगोळी पुसली. वच्छीनं पुन्हा मधल्या ठिपक्यापासून सुरुवात केली. पुन्हा पुसली, पुन्हा सुरुवात. दोन बायकांनी तिला उचलून आत नेऊन कोंडलं. प्रेत उचलल्यावर दार उघडलं, तर ती बाहेर आली आणि जिथे तिरडी ठेवली होती त्याच जागी तिनं कमळ पुरं केलं. शेवटी काय म्हणाली असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गावात बोभाटा झाला. सासरा गेल्याचा सुनेला आनंद झाला म्हणून कुणी म्हणालं, कुणी करणी म्हणालं. तेराव्यानंतर रघुनाथ तिला घेऊन धुळ्याला आला. अक्कांनी मला बोलावणं पाठवलं. ओट्यावर नाना, दाराशी अक्का, एका बाजूला वच्छीची पेटी, आणि पेटीला टेकून वच्छी. रघुनाथचं डोकं भादरलेलं होतं. त्यानं आवाज न चढवता सगळं सांगितलं आणि मग माझ्याकडे वळला.

"मास्तर, आत्या म्हणते, ज्या कुळाचाराले सुतक कळत नाही तो कसला कुळाचार. मले एवढंच सांगा. हे हिनं मुद्दाम केलं, का हिले समजत नाही? समजत नसीन तर तसं म्हणा. मी आत्याले सांगतो. मी नेतो हिले परत."

तो मला वाट काढून देत होता. मी एवढंच म्हणायचं होतं, की तिला एकच रांगोळी येते, ती मी शिकवली, काही झालं तरी चुकवायची नाही हे मी शिकवलं, पुसली तर पहिल्यापासून काढायची हेही मी शिकवलं, कुळाचार वगैरे काही नाही. पण नाना खाली पाहत होते. त्यांच्या धाकटीचं लग्न जमत आलं होतं आणि थोरली तशीच आहे हे लपवून दिली, असं कबूल करणं म्हणजे धाकटीचंही मोडणं. असं मी त्या वेळी मनाशी म्हणालो. त्याच्या खालीच दुसरंही होतं. मास्तर खोटं बोलला, हे गावभर झालं असतं.

मी म्हणालो, "कुळाचाराचं मला काय माहीत? घरच्यांना विचारा."

रघुनाथनं नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "आमनाकडे अशीच पद्धत शे."

अक्कांनी पुढे केलेलं पाणी त्यानं घेतलं नाही. उठताना वच्छीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला, पायऱ्या उतरला आणि गेला. वच्छीही उठून त्याच्या मागे निघाली होती. अक्कांनी तिचा हात धरला.

त्यानंतर अक्का मला एकच वाक्य बोलल्या. "मास्तर, तुम्हीन सांगं असतं तं त्यानी ऐकं असतं." पुढे आमचं बोलणं झालं नाही.

धाकटीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मी जळगावला बदली मागून घेतली. अक्का आणि नाना दोघंही मागच्या महायुद्धाच्या दिवसांत गेले. वच्छी आता तिच्या भावाकडे असते, दामूकडे, आणि दामूही योगायोगानं जळगावातच आला, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दामूच्या बायकोनं घरात रांगोळी आणायचीच बंद केली आहे, वच्छीला ती दिसूच नये म्हणून. शेजारच्या बायकांकडून हे कळतं. मी शाळेत जाताना बाजारावरून वळसा घालून जातो.

या सगळ्याचा विचार करतो तेव्हा माझी मती चालत नाही. मी इतकं पक्कं शिकवलं नसतं, तर त्या सकाळी आत्याच्या ओरडण्यानं ती उठली असती. पण मग ते लग्न झालं नसतं आणि दोन-तीन वर्षं का होईना, तिला जे दार मिळालं तेही मिळालं नसतं. त्या दारात ती सुखी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा शिकवलं ते बरं की वाईट? मी शाळेत आजही मुलांना सांगतो, हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही. सांगताना जीभ अडखळते. मुलांना वाटतं मास्तर म्हातारे झाले. शेवटच्या पाकळीपासून मागे मागे जायची युक्ती मी नंतर दोघा-तिघा अशा माणसांना वापरली आणि ती लागू पडली, हेही खरं. ज्याला उपयोगी पडेल त्यानं वापरावी. फक्त सोबत अर्धं सोडून उठायलाही शिकवावं. ते मला सुचलं नाही. मला वाटायचं, पुरं करणं हीच कला.

रघुनाथनं पुन्हा लग्न केलं नाही असं ऐकतो. खरं-खोटं माहीत नाही, विचारायची हिंमत नाही. तो हा अंक वाचणार नाही. त्यामुळे हे इथे लिहिलं म्हणजे त्याला सांगितलं असं होत नाही.

वच्छीला मुद्दाम काही करता येत नाही, हे रावेरकडे जाऊन रघुनाथला माझ्या तोंडानं सांगायचं देणं मी लागतो. आणि दामूच्या घरी जाऊन वच्छीला अर्ध्या कमळावरून उठायला शिकवायचं देणं लागतो.